लुईझियानातली शिकार आणि कृष्णेतली मगर

मा. संपादक, स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एक पत्र छापून आलंय की कृष्णेत मगरी फार झाल्यात, अमेरिकेत ॲलिगेटर (मगरीच्याच जातकुळीतला तिथला प्राणी) वाढल्यावर तिथल्या सरकारने सरळ शिकार खुली केली आणि विषय संपवला, मग आपल्याकडे काय अडलंय. मी मूळचा भिलवडीच्या बाजूचा, गेली अकरा वर्षं अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात लाफायेटला राहतो, पेपर मोबाईलवर वाचतो, आणि ते वाचून गप्प बसवेना. शिकार चालते हे खरंय. पण ती माणसांची भीती घालवायला सुरू केली हे साफ चूक आहे.

(आधी एक बारीकसं. तुमच्या बातमीत मध्येच सुसर लिहिलंय. सुसर लांब चिंचोळ्या तोंडाची, ती आपल्या कृष्णेत नाही, तिथे आहे ती मगर, आणि इथला ॲलिगेटर तिसराच प्राणी.)

इथे कातड्यापायी ॲलिगेटर एवढे बेसुमार मारले की १९६२ ला लुईझियानाने शिकारच बंद केली, १९६७ ला केंद्र सरकारने ॲलिगेटरला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. राज्यात संख्या लाखाच्या आत आलेली, आज वीस लाखांच्या वर सांगतात. १९७२ ला पहिल्यांदा शिकार उघडली ती पण फक्त कॅमेरून पॅरिशमध्ये, पॅरिश म्हणजे आपला जिल्हा धरा. सगळ्या राज्यात व्हायला १९८१ उजाडलं, आणि आता धोका टळला असं केंद्राने जाहीर केलं १९८७ ला. म्हणजे दहा वर्षं बंद, मग नऊ वर्षं चाचपडत चाचपडत.

आता ती शिकार कशी असते बघा. माझ्या ऑफिसातल्या एकाची घरची दलदलीची जमीन आहे, दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात त्याच्या बोटीतून गेलो होतो. पाण्यात बांबू रोवलेला, त्याला दोरी, दोरीला हा एवढा गळ आणि गळाला दोन दिवस उन्हात सडवलेली कोंबडीची तंगडी, वास विचारू नका. तंगडी पाण्याच्या वर हातभर लटकत ठेवायची, आणि ती दोरी कशात अडकवलेली तर कपडे वाळत घालायच्या चिमट्यात! ॲलिगेटरने झेप घेतली की चिमटा सुटतो. सकाळी जाऊन दोरी ओढायची, डोकं वर आलं की मानेजवळ एक गोळी, आणि लगेच, दुसरं काहीही करायच्या आधी, शेपटीच्या टोकाला सरकारने मोजून दिलेला नंबरचा टॅग ठोकायचा. तो टॅग कातड्याबरोबर पार परदेशात जातो, त्याच्याशिवाय कातडं कोण हात लावून घेत नाही. टॅग संपले की शिकार संपली, उरले तर परत करायचे. सीझन सप्टेंबरात का, तर माद्या तेव्हा आत गवतात घरट्यापाशी असतात आणि मोकळ्या पाण्यात बहुतेक नर सापडतात.

आणि टॅग मिळतो कोणाला? बंदुकवाल्याला म्हणून नाही, जमिनीच्या हिशोबाने. किती एकर दलदल आणि कसली दलदल त्यावर टॅग ठरतात. इथली किनाऱ्याची बरीचशी दलदल खाजगी मालकीची, त्या मालकाने उद्या ती आटवून दुसरंच काही केलं तर ॲलिगेटर गेलाच समजा, म्हणून त्याला पैसा मिळेल अशी सोय लावली. ॲलिगेटर पाळणारे फार्मवाले त्याच्याकडून अंडी विकत घेतात, पिल्लं वाढवतात आणि ठरलेला हिस्सा तीन-चार फुटी झाल्यावर परत दलदलीत सोडतात, सुरुवातीला १७ टक्के होता, संख्या भक्कम झाली तसा कमी करत आणला. तो सहकारी मला म्हणाला, आमच्याकडे ॲलिगेटर हे पीक आहे. 

हे सगळं गोड गोड आहे असं पण नाही हं. सगळा डोलारा परदेशातल्या पर्सा आणि घड्याळाच्या पट्ट्यांवर उभा. २००९ च्या मंदीत कातड्याला गिऱ्हाईक नव्हतं तर अंडी गोळा करणंही जवळपास थांबलेलं. कॅलिफोर्नियाने ॲलिगेटरच्या कातड्याच्या विक्रीवर बंदी आणायला घेतली तर लुईझियाना थेट कोर्टात गेलं.

मग घराजवळ आलेल्या ॲलिगेटरचं काय? त्याचा शिकारीच्या सीझनशी संबंधच नाही, ते खातं वेगळं. फ्लोरिडात त्यासाठी फोन नंबर आहे, चार फुटांच्या वरचा असेल आणि धोका वाटत असेल तर सरकारने नेमलेला माणूस येऊन तेवढा एकच नेतो. नेतो म्हणजे बहुतेक वेळा मारतोच, कारण लांब सोडला तरी तो परत येतो. पण एकच, आणि वर्षभर.

आता हे कृष्णेला लावून बघा. नदीचा मालक कोण? टॅग कोणाला देणार, नदीकाठच्या मळीच्या रानवाल्याला, वाळूवाल्याला? आपल्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात, कातड्याचा धंदा करताच येत नाही, म्हणजे पैसा देऊन नदी राखायची जी इथली खरी गोम, तीच आपल्याकडे नाही. उरते नुसती बंदूक. आणि नुसत्या बंदुकीने काय होतं ते इथे १९६२ पर्यंत बघून झालंय.

नदीकाठी माणसं गेलीत, गुरं गेलीत, ते मी नाकारत नाही, आमच्या घरचे लोक तिथेच राहतात. पण पाण्यात कोण जातं आणि कधी जातं हे कोणी विचारत नाही. माझे काका पासष्टीचे, शेतीची लाईट रात्री येते म्हणून रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटारीच्या फुटबॉलमधला (पाण्यातल्या पाईपच्या टोकाच्या व्हॉल्व्हमधला) कचरा काढायला गुडघाभर पाण्यात उतरतात. एप्रिल-मे मध्ये मगर अंड्यावर असते आणि नेमकं तेव्हाच पाणी खाली गेलेलं, म्हणजे काकांना अजून आत जावं लागतं. त्या काठाची माती वीटभट्टीला गेली, मगरीला घरटं करायला जागा राहिली ती आमच्या पाणवठ्यालगतच.

पुढच्या वेळी मगरीचा फोटो छापाल ना, तेव्हा शेजारी त्या गावाच्या शेतीच्या लाईटचं टाईमटेबल पण छापा की.

आपला,
एक वाचक, लाफायेट (मूळ गाव भिलवडीजवळ, जि. सांगली)