गाडी स्टार्ट होईना म्हणजे लगेच ईसीएम गेलं असं नाही

मा. संपादक,
स. न.

खंडेनवमीला घरोघरी गाड्या धुवायला निघतात, मग धुता धुता कुणी एअर फिल्टर साफ करतं, कुणी प्लग बदलतं, कुणी बॅटरी काढून टर्मिनल घासतं, आणि सगळं परत बसवलं की गाडी स्टार्टच होत नाही. मी एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालो, पण गल्लीतली पोरं अजून गाड्या ढकलत माझ्याकडे घेऊन येतात, त्यात जे बघतोय त्यावर हे पत्र.

यंदा पुतण्याच्या बाइकचं तेच झालं. बॅटरी चार्ज करून बसवली, चावी फिरवली तर मीटरवर एक दिवा नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर गाडी न बघताच सांगितलं, ईसीएम (गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू) गेलं असणार, टो करून आणा, खर्च मोठा आहे. मी सीट काढून बघितलं तर मायनस टर्मिनलला दोन वायरी असतात त्यातली जाड तेवढी लावलेली, बारकी अर्थिंगची, म्हणजे अर्थची वायर बॅटरीच्या मागेच राहिलेली. ती लावली आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. पोराची काही चूक नाही, ही वायर कुठली ते त्याला मिळालेल्या पुस्तकात कुठेच नाही.

म्हणून वाचकांना एवढंच सांगतो की काम करायच्या आधी गाडी चालू होती ना, मग आधी जिथे हात लागला तिथेच बघा. चावी फिरवल्यावर मीटर पूर्ण मेलेला असेल तर बॅटरीचे टर्मिनल, अर्थ आणि मेन फ्यूज बघा. बॅटरी उलटी लागली असेल तर फ्यूज जातोच. मात्र त्याच अँपिअरचा फ्यूज टाका, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका, वायरिंग जळतं. मीटर लागतो पण सेल्फ नुसता टकटक वाजतो, तर बॅटरी डाऊन आहे नाहीतर टर्मिनल ढिला. चांगली चार्ज बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि सेल्फ मारताना ती नऊच्या खाली जात असेल तर बाकी काही शोधत बसू नका. सेल्फचा आवाजच नाही तर किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड, क्लच बघा, स्कूटरला ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. धुताना किल स्विच हाताने दबला आणि मालक तासभर किक मारतोय, हे मी किती वेळा बघितलंय.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, इथे खरी गंमत आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हा धुराचा नवा नियम आला, नव्या बाइक-स्कूटरचे कार्बोरेटर जवळजवळ गेलेच आणि फ्यूएल इंजेक्शन आलं. चावी ऑन केली की टाकीतल्या पंपाचा दोन-तीन सेकंद घूंsss असा आवाज यायला पाहिजे. नाही आला तर पंपाचा फ्यूज आणि कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड) बघा. एअर फिल्टर काढताना सेन्सरचा कपलर निघतो आणि परत टक करून बसत नाही, प्लगची कॅप अर्धवट राहते, किंवा धुताना कॅपमध्ये पाणी जातं, ते कापडाने पुसून वाळवा. स्पार्क बघायला प्लग काढाल तर तो इंजिनच्या बॉडीला टेकवूनच बघा आणि आसपास सांडलेलं पेट्रोल नको. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्या बॅटरी पूर्ण मेलेली असताना ढकलूनही चालू होत नाहीत, कारण पंपालाच करंट नसतो, तेव्हा उगाच चढावर दम काढू नका.

हे सगळं बघूनही नाही झालं तर जरूर मेकॅनिककडे न्या, इंजेक्टर किंवा वायरिंग घरी खोलू नये या मताचा मी आहे.

पण माझा मुद्दा कंपन्यांकडे आहे. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना स्पेअर पार्ट आणि माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाही म्हणून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता. केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोबाइल आणि शेतीच्या अवजारांबरोबर वाहनंही होती, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही सुरू केलं. कागदावर सगळं आहे. तरी माझ्या गल्लीत आलेल्या गाड्यांच्या पुस्तकात धुवायचं कसं आणि हवा किती एवढंच सापडतं, कुठला फ्यूज कशाचा, चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकला तर कुठला सेन्सर, हे नाही. गाडी लाख-दीड लाखाची, आणि तिची चार पानी माहिती मराठीत द्यायला काय अडतं? गॅरेजमध्ये काम शिकणारी पोरं मराठी वाचतात, त्यांना ही चार पानं मिळाली तर तेसुद्धा नीट शिकतील.

परिवहन खात्याने एवढं तरी करावं, प्रत्येक नव्या गाडीबरोबर फ्यूजचा नकाशा, अर्थच्या जागा आणि फॉल्ट कोडची, म्हणजे दिव्याच्या लुकलुकण्यावरून बिघाड ओळखायची यादी मराठीत दिल्याशिवाय महाराष्ट्रात डिलिव्हरी नको, असा नियम करण्यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करावा. आणि शोरूमवाल्यांनी फोनवर ईसीएम गेलं म्हणण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारावा, तुम्ही काल काय खोललं होतं?

आपला,
एक निवृत्त एसटी इलेक्ट्रिशियन, मिरज