आभार राहून गेले होते

२६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ समुद्राखाली भूकंप झाला आणि काही तासांत लाटा तमिळनाडूतल्या नागपट्टिणमवर येऊन आदळल्या. आपण सोलापूरकर, समुद्राशी संबंध सहलीपुरता. पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट कोण विसरलंय? म्हणून आम्ही चौघं सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, चादरी गोळा करत फिरलो.

एका कारखान्यातल्या मावशींनी लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली कोरी चादर काढून दिली, घडीवरचं लेबलही तसंच. नाव विचारलं तर म्हणाल्या, "नाव कशाला लिहितोस? माग बंद पडलाय, जा आता." ट्रक भरणाऱ्या हमालांनी पैसे घेतले नाहीत, नुसता चहा घेतला.

तिकडच्या उकाड्यात एवढ्या जाड चादरी कशाला, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं! तात्पुरत्या निवाऱ्यात बायकांनी त्या दोरीवर टाकून आडोसा केला. पक्की घरं मिळायला कित्येकांना वर्षं लागली. होड्या दुरुस्त झाल्या तरी काहीजण पाण्यात उतरायला धजत नव्हते.

मावशी, हमालदादा, आणि परतीच्या वाटेवर आम्हाला भात वाढून पैसे न घेणारी ती कोळीण, तुमचे मनापासून आभार. उशीर झाला खरा.