‘नमुने निर्दोष’, पण तपासले काय?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर ‘पाण्याचे सर्व नमुने निर्दोष, नागरिकांनी घाबरू नये’ ही बातमी वाचली. कालच लिहिणार होते, पण रागाच्या भरात नको म्हणून थांबले. आज सकाळी पुन्हा वाचली, राग तेवढाच आहे.

कावीळ कुठल्या पेठेत आहे आणि कोण कोण दवाखान्यात आहे हे तुमच्या वाचकांना ठाऊकच आहे, ते उगाळत नाही. माझा प्रश्न साधा आहे. त्या नमुन्यांत तपासले काय? बातमीत ते कुठेच नाही. बातमीदाराने विचारले नसावे, किंवा विचारले आणि साहेबांनी ‘सगळं’ असे सांगितले असावे.

मी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली बाई आहे, म्हणून सांगते. आमच्याकडे जांभळ्या रंगाचे द्रव माध्यम नळ्यांमध्ये भरलेले असते आणि प्रत्येक नळीत एक छोटी नळी उलटी घातलेली असते. त्यात पाणी घालून नळ्या ३७ अंशांवर उबवायला ठेवायच्या. कोलिफॉर्म (पाण्यात घाण मिसळल्याची खूण मानले जाणारे) जंतू असले की २४ ते ४८ तासांत जांभळ्याचे पिवळे होते आणि छोट्या नळीत वायूचा बुडबुडा धरतो. बुडबुडा नाही, तर ‘पिण्यास योग्य’चा शिक्का. चाचणी चांगली आहे, स्वस्त आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती जंतूंची, म्हणजे बॅक्टेरियांची आहे, विषाणूंची नाही. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. आमच्या नळीत तो वर्षभर पडून राहिला तरी बुडबुडा काढणार नाही. आणि साथीत येणारी कावीळ विषाणूची असते, हिपॅटायटीस ‘ए’ची नाहीतर ‘ई’ची. म्हणजे ज्याने गाव पिवळे केले त्याला कोणी शोधलेच नाही, आणि तुम्ही छापलेत की तो सापडला नाही!

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचेसुनेला सातव्या महिन्यात कावीळ झाली. रक्ताच्या रिपोर्टात हिपॅटायटीस ‘ई’ निघाला. एरवी हा आजार चार-सहा आठवड्यांत उतरतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत दगावण्याचे प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाते. हे मला माहीत होते, घरात इतर कोणाला नव्हते. त्यामुळे ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. पोरगी वाचली, बाळ वेळेआधी आले पण तेही सुखरूप आहे. मग मी तो रिपोर्ट घेऊन संबंधित कार्यालयात गेले (नाव घेत नाही, घेतले तर तुम्ही छापणार नाही). तिथल्या साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘बाई, तुमचा रिपोर्ट रक्ताचा आहे, आमचा पाण्याचा. दोन्हींचा काय संबंध?’’

मी म्हटले, संबंध जोडायलाच आले आहे, फाईल दाखवा. दाखवली, नाही म्हणत नाही. त्यावरून कळले की गटारीलगतच्या पाइपाची गळती आधी काढली, मग टाकीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर मनसोक्त ओतली आणि त्यानंतर नमुना घेतला. तो निर्दोषच येणार. क्लोरीनचा वास मारणारे पाणी आम्हीही पुष्कळ पाहिले आहे. साथ आली की गावोगावचे नमुने यायचे ते असेच, झाकण उघडले की नाकाला झोंबणारे. नियमाने बाटली निर्जंतुक हवी, तिच्यात क्लोरीनचा असर मोडायला हायपो नावाचे रसायन हवे, बर्फाच्या पेटीतून आणायला हवी. एकदा एक शिपाई शीतपेयाच्या बाटलीतून नमुना घेऊन आला होता, आणि बाटलीच्या तळाशी त्या पेयाचा नारिंगी थेंब अजून हलत होता. परत पाठवला तर वर तक्रार गेली ती माझीच.

त्यात हा आजार मुलखाचा रेंगाळणारा. ‘ए’ची लक्षणे दिसायला सरासरी चार आठवडे, ‘ई’ची दोनपासून नऊ-दहा आठवडे. डोळे पिवळे होईपर्यंत ज्या पाण्याने घात केला ते केव्हाच नदीला मिळालेले असते. आज नळाचे पाणी भरून घ्यायचे आणि महिन्यामागच्या पाण्याला दोषमुक्त करायचे, हा न्याय फक्त आपल्याकडेच चालतो.

हे आज कळलेले नाही, संपादक महाशय. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत नजफगड नाल्याचे सांडपाणी उलटे फिरून यमुनेतून शहराचे पाणी उचलतात तिथवर पोहोचले. अधिकाऱ्यांना ते कळले होते, त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्याचा उपयोगही झाला, विषमज्वराची साथ आली नाही. जंतू मेले. पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. आतड्याचे बरेचसे विषाणू कोलिफॉर्मइतक्या लवकर क्लोरीनला दाद देत नाहीत, हे त्या साथीने सगळ्या जगाला शिकवले. जपून ठेवलेल्या तेव्हाच्या रक्तावरून पुढे १९८० च्या दशकात कळले की ती ‘ए’ नव्हतीच. इतके लांब कशाला, इचलकरंजीतली २०१२ ची साथ आपल्या लोकांना आठवत असेल, तीही ‘ई’चीच. आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (नसांवर घाला घालणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले, कारण तिथे कोणीतरी ते शोधले. शोधल्यावर सापडते.

कोणी म्हणेल, विषाणू तपासणे आपल्याला परवडणार आहे का? कागदावर तर परवडलेले आहे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२ ची आवृत्ती) उघडून पाहावे. त्यात एमएस-२ नावाचा फाज, म्हणजे जंतूंवर जगणारा एक निरुपद्रवी विषाणू, एक लिटर पाण्यात नसावा असे लिहिले आहे, आणि तो सापडला तर पुढे पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करा असेही. त्याच मानकात नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असे म्हटले आहे, पण विषाणूंपासून बचाव करायचा असेल तर किमान ०.५. आमच्या ओटी टेस्टच्या (पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून बघण्याच्या) वहीत पिवळा रंग आला की ‘आहे’, नाही आला की ‘नाही’, आणि पुष्कळदा रंग बघायच्या आधीच ‘आहे’. ०.२ की ०.५ हे कोण विचारतो?

पीसीआर करणे सोपे आहे असे मी म्हणत नाही. विषाणू पाण्यात इतके विरळ असतात की आधी भरपूर पाणी गाळून ते एकवटावे लागतात. अन्नात तर स्निग्धांश नि काय काय आडवे येते आणि चाचणीच बिघडते. शिवाय मेलेला विषाणूही पीसीआर ‘आहे’ म्हणूनच दाखवते. पण कोविडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात आरटीपीसीआरची यंत्रे आली होती ना? त्यांच्या उद्घाटनाचे फोटो तुमच्याच पहिल्या पानावर होते. ती यंत्रे आता काय करतात, हीसुद्धा एक बातमी होईल.

आता त्याच बातमीखालची चौकट. ‘अन्नाचा वास घेऊन, चव पाहून ते ताजे असल्याची खात्री करावी’ असा तज्ज्ञांचा सल्ला. हे तज्ज्ञ कोण ते छापलेले नाही, तेही बरेच झाले. वास येतो तो नासवणाऱ्या जंतूंचा. दूध फाटते, वरण आंबते, पावाला बुरशी धरते, ते आपल्याला आजीनेही शिकवले आहे. डेअरीत दुधात मेथिलिन ब्लू टाकून निळा रंग किती वेळात उडतो ते बघतात. त्यावरून जंतूंचा सुकाळ किती ते कळते, कुठले ते नाही. विषाणू तर अन्नात वाढतच नाही, नुसता बसून राहतो. वास नाही, चव नाही, फेस नाही. नोरोव्हायरसचे तर मोजके कण पोटात गेले तरी पुरतात. लग्नातला मठ्ठा छान ताजा, कोथिंबीर घातलेला, चवीला फक्कड, आणि पिंपात तरंगतोय बर्फाच्या लादीचा तुकडा. घ्या वास!

बर्फाचे नाव निघालेच आहे तर तेही बोलून घेते. खाण्याचा नसलेला बर्फ निळ्या रंगाचा करायचा असा आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली काढला, जूनपासून लागूही केला. आमच्या गावात निळा बर्फ मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही. मासळीच्या पेटीत पांढरा, उसाच्या रसात पांढरा, गोळ्यावर पांढरा. लादी गोणपाटात गुंडाळून, भुसा चोपडून येते, रसवंतीच्या दारातच टोच्याने फुटते आणि तुकडा पायरीवर पडला तर विसळून परत पातेल्यात जातो. गोठल्याने हे विषाणू मरत नाहीत. या साथीत बर्फाचा एक तरी नमुना घेतला का, हे बातमीदाराने विचारावे. नमुना घेतला नसेल तर तसे छापावे. ‘निर्दोष’ छापल्यामुळे आमच्या शेजारणीने पाणी उकळायचे कालपासून बंद केले आहे. ‘पेपरात आलंय ना’ म्हणते. गॅसही वाचतो.

जाता जाता आणखी एक. त्याच तिसऱ्या पानावर उजव्या कोपऱ्यात ‘काविळीवर रामबाण, एकच पुडी, गुण न आल्यास पैसे परत’ अशी जाहिरात आहे. हीच पुडी घेऊन चार दिवस घरी बसलेले आणि मग बेशुद्धीत आणलेले पेशंट सरकारी दवाखान्यातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे मला कळते. ती नाकारा असे सांगण्याइतकी मी भोळी नाही. पण निदान बातमी तिसऱ्या पानावर असेल तर जाहिरात सातव्यावर टाकत चला.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये. भाचेसून त्याच कार्यालयाच्या मागच्या गल्लीत राहते.)