दंड फक्त चालकालाच का?

संपादक महोदय,

कालच्या अंकात वाहनचालकांच्या दंडाची आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या नव्या मुदतीची, अशा दोन बातम्या शेजारीशेजारी वाचल्या. मुदतीबद्दल आता लिहवत नाही. २०११ साली पनवेल-इंदापूर टप्प्याचे काम सुरू झाले तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती, तिची बारावीही होऊन गेली.

दंडाबद्दल मात्र बोलायचे आहे. केंद्राने २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती केली. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५ हजार झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच दुरुस्तीत कलम १९८-अ आले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, सल्लागार, ठेकेदार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड. हे कलम मला भावाच्या अपघातानंतर कळले.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात धाकटा भाऊ दुकान बंद करून मोटारसायकलवरून घरी येत होता. सकाळी जाताना सरळ असलेला रस्ता संध्याकाळी डावीकडे वळवलेला. फलक नाही, दिवा नाही, रिफ्लेक्टरची एक पट्टीसुद्धा नाही. वर धो धो पाऊस आणि समोर खडीचा ढीग. डोक्यावर हेल्मेट होते, खिशात परवाना होता, गाडीचा विमा भरलेला होता. त्याचा उजवा गुडघा आजही वाकत नाही. पंगतीला बसायचे त्याने सोडले आहे. पंचनाम्यात लिहिले, ‘चालकाचे नियंत्रण सुटले’. खडीचा उल्लेखच नाही. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो तर ढीग हलवलेला होता.

पुढे सात महिने अर्ज घेऊन फिरलो. एका कार्यालयात सांगितले, हा पट्टा आमच्याकडे नाही. दुसरीकडे सांगितले, ठेकेदार बदलला. हाती तीन पोचपावत्या आहेत, उत्तर एकाही अर्जाला नाही.

काही टप्पे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, काही राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, हे मान्य. पण महामार्ग राष्ट्रीय आहे आणि जबाबदारी शेवटी केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाचीच. काम चालू असताना फलक कुठे लावायचे, वाहने कशी वळवायची, यासाठी रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची ‘एसपी ५५’ ही नियमावली आहे. ती पाळली जाते का, हे बघणार कोण? मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यातली किती रस्त्याच्या चुकीने गेली, हे पंचनाम्यात खडीचे नावच नसेल तर कधी कळणार? १९८-अ खाली कुणाला, कोणत्या महामार्गासाठी दंड झाला, हे मंत्रालयाने दरवर्षी जाहीर करावे. आमच्या तालुक्यात एकाही ठेकेदाराला झाल्याचे ऐकिवात नाही.

आणखी एक. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची केली. भावाची मोटारसायकल अंगणात उभी आहे, ती विकायची तरी प्लेट हवीच. बसवण्याचे केंद्र आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर आणि तिथे जायला हाच महामार्ग.

– एक वाचक, कोकण