आईचा अंगठा

पवई, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत बाबांनी विचारलं होतं, "मशिनीले काय मालूम कोन कोन्या जातीचा? मंग ते भेदभाव करते कशी?" मी तोंडात करंजी कोंबून विषय टाळला. चार वर्षं याच प्रश्नावर पीएचडी करून राहिली आणि घरी सांगता येईना, याची लाजच वाटली.

बाबा, अमेरिकेतल्या दवाखान्यांत एक प्रोग्रॅम ठरवायचा की कोणत्या पेशंटला जादा मदत द्यायची. पेशंट काळा की गोरा, हे त्याला सांगितलेलंच नव्हतं. तो फक्त खर्च पाहायचा. ज्याच्यावर पैसा जास्त लागणार, तो जास्त आजारी. पण तेवढ्याच दुखण्याला काळ्या लोकांवर आधीपासूनच खर्च कमी होत आलेला, म्हणून कागदावर ते ठणठणीत! २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघड केलं. मदत मिळणाऱ्यांत काळे पेशंट १७.७ टक्के होते, हिशोब सुधारला असता तर ४६.५ टक्के झाले असते. तुमचा गुडघा एवढा दुखतो, तरी तीन वर्षांत दवाखान्याची पायरी चढला नाहीत. त्या प्रोग्रॅमच्या लेखी तुमच्यासारखा तगडा माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही.

आई, तुझी गोष्ट घरचीच. आठवतं? वेचणीचे दिवस होते, बोंडांच्या टोकांनी तुझी बोटं चिरलेली. राशनच्या दुकानात तू अंगठा पदराला पुसून लावला. लागला नाही. परत लावला. दुकानातला पोट्टा म्हणाला, "मावशी, हात धुऊन या." मागं लाईन खोळंबलेली. तू बोअरवर जाऊन हात धुतले, एकेक बोट लावत गेलीस, शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. येताना थैली डोक्यावर घेऊन म्हणालीस, "माह्याच बोटाईले रेघा नाही राह्यल्या."

खोट तुझ्या बोटांत नव्हती, आई. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांचा ठसा जुळला की मशीन पास. उरलेले दोघं कोण, हे कोणी विचारत नाही. ते दरवेळी वेचणीवाल्या, वीटभट्टीवरचे आणि म्हातारीकोतारीच निघाले, तर ती चूक सगळ्यांवर सारखी पडत नाही. मी तेच मोजते.

आणखी एक. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य अडवू नका, असं केंद्र सरकारनं राज्यांना २०१७ मध्येच लिहून कळवलंय. पुन्हा कोणी हात हलवत परत पाठवलं तर तिथंच उभी राहा आणि मला फोन लाव.

माझं एक काम कर. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितेस ना, त्याच्याच बाजूला राशनच्या दिवशी लिही: किती वेळा बोट लावलं, कोणतं लागलं आणि आदल्या दिवशी शेतात काय काम केलं होतं. शेजारच्या काकूंनाही विचार. संक्रांतीला आले की ते पान फाडून नेईन.

तुमची,
छकुली