मोहगावला जाण्याआधी

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात तुमची सहल छिंदवाड्याकडे मोहगाव कलानला जीवाश्म, म्हणजे खडकात टिकलेले जुने जीव, बघायला जाणार, म्हणून लिहितो. ‘लाकडाचा दगड होतो’ हे वाक्य डोक्यातून काढून टाक. काय उरतं आणि काय जातं, हे जीव कशात अडकला त्यावर ठरतं. म्हणून हातात तुकडा आला की आधी खडक ओळख, मग जीव.

दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी टप्प्याटप्प्यानं आला. मधल्या काळात तळी साचली, ताड-माड वाढले. बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, झिजून सुटलेली सिलिका (वाळूत असते तीच) पाण्यातून लाकडात शिरली, पेशीभित्तींना चिकटली आणि पेशींच्या पोकळ्या भरत गेली. आधी ओपल, म्हणजे पाणी धरून असलेली सिलिका, मग पाणी निघून जाऊन बारीक क्वार्ट्झ, म्हणजेच चर्ट. पण त्याच वेळी बुरशी लाकूड खात असते. जिथे सिलिका आधी पोचली तिथे पेशी न पेशी मोजता येते. जिथे कुज आधी पोचली तिथे नुसता डाग. एकाच कापात, म्हणजे घासून पातळ केलेल्या चकतीत, दोन्ही दिसतं. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी ज्याला एनिग्मोकार्पॉन नाव दिलं, त्या इथल्या फळाची आतली रचना कळली ती यामुळेच.

आपल्या वरळीचे बेडूक मात्र वेगळे. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेननं 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. तेही लाव्हाथरांमधलेच, पण काळ्या शेलमधले, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकातले. बारीक गाळात सांगाडा सलग राहतो, वरच्या वजनानं तो चपटा होतो, मांस जातं. सुरतजवळच्या वस्तान खाणीतल्या अंबरमध्ये याच्या उलट: डिंकासारखी राळ किड्याला झाकते, कालांतरानं घट्ट होते, पायावरचे केसही दिसतात, आत मात्र बऱ्याचदा पोकळी. त्यातून डीएनए काढायच्या गप्पा सिनेमापुरत्या ठीक. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ डांबरात तर प्राण्यांची हाडं टिकली, तपकिरी होऊन.

आता कामाचं. चर्ट काचेसारखा फुटतो, कपच्या डोळ्यात उडतात. गॉगल घातल्याशिवाय हातोडी उचलू नकोस. दगडावर झाडासारखी काळी नक्षी दिसली तर हुरळू नकोस. बहुतेक वेळा ते मँगनीजचे डेंड्राइट, म्हणजे फांद्यांसारखे पसरलेले खनिज, असतात. त्यांना पेशी नसतात, भिंग लावलंस की कळेल. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाक: फेस आला तर कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज), चर्ट ढिम्म राहतो. सिलिका खाणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आणि सर शेजारी नसतील तर त्या बाटलीला हात लावायचा नाही.

लाकडाचे काप तिन्ही दिशांनी घ्यायचे: आडवा, अरीय (उभा, गाभ्यातून जाणारा), स्पर्शीय (उभा, सालीला समांतर). एकट्या आडव्यावरून नाव ठरवणारे फसतात. घासताना कार्बोरंडमच्या (घासायच्या कठीण पुडीच्या) जाड पुडीचं काम संपलं की काच आणि काप धुऊनच बारीक पूड घे; जाड पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा उठतो. खडकाच्या कापाचं ठरलेलं माप 0.03 मिमी, पण इथे त्याआधीच थांबावं लागतं, नाहीतर पेशीभित्तींचा तपकिरी रंगच नाहीसा होतो. दर थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली बघत जा.

आणि तुकडा उचललास की तिथेच आकडा घाल, वरची बाजू बाणानं दाखव. संध्याकाळी खोलीवर आठवून लिहिलेल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होतेच.

तुझा,
बाबा