कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी मोजणाऱ्या पुरवणीस

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला ‘मोबाइल वापरा, स्मृतिभ्रंश टाळा’ हा लेख वाचला. सुचवलेल्या सहा ॲपपैकी तीन खेळांची, चौथे पावले मोजण्याचे, पाचवे गोळ्यांची आठवण करून देणारे. तिथवर ठीक होते. सहाव्याबद्दल मात्र ‘कॅमेऱ्यावर बोट ठेवा, अर्ध्या मिनिटात बीपी कळेल, यंत्राची गरज नाही’ असे छापून आपण कमाल केलीत. हा मजकूर छपाईला जाण्याआधी एखाद्या डॉक्टरला दाखवण्याची पद्धत आपल्याकडे बंद झाली आहे काय?

कॅमेऱ्याशेजारचा दिवा बोटात प्रकाश टाकतो. दर ठोक्याला बोटातले रक्त कमी-जास्त होते, परतणारा प्रकाश तसा बदलतो आणि त्यावरून नाडी मोजता येते. नाडी, दाब नव्हे. अमेरिकेत असेच एक ॲप जोरात विकले जात होते. २०१६ साली डॉक्टरांनी ते प्रत्यक्ष यंत्राशी ताडून पाहिले, तर ज्यांचे बीपी खरोखर चढलेले होते अशा दहांपैकी जवळजवळ आठ जणांना त्याने ‘ठीक आहे’ असे सांगितले होते. त्याच वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीला कारवाईखाली आणले. आणि आपण ही शिफारस बिनदिक्कत करता, तीही साठीच्या पुढच्या वाचकांना. असा खोटा १२८ दिसला की पहिली सुट्टी मिळते ती गोळीला.

स्मृतिभ्रंश टाळण्याच्या गोष्टींत बीपी किरकोळ नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये हाताळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली, त्यात मध्यमवयातला रक्तदाब आहे. मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्या चढ्या दाबाने वर्षानुवर्षे निबर होत जातात आणि त्याचा पत्ता डोकेदुखीनेसुद्धा लागत नाही. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ या चाचणीत (२०१९) वरचा आकडा १२०च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, आधीच्या पायरीवरचे विस्मरण दुसऱ्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळले. खुद्द डिमेन्शियातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही, हेही सांगायला हवे.

तेव्हा फोनचा उपयोग करायचाच तर बीपीची वही म्हणून करावा. मोजायचे दंडावर पट्टा बांधण्याच्या यंत्रानेच. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजून पट्टा घ्यावा. साधा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतो. जाड दंडावर तो आवळून बांधला की आकडा उगाच वर जातो, बारीक दंडावर ढगळ पट्टा बांधला की खाली येतो. ब्लाउजची किंवा शर्टाची घट्ट बाही वर गुंडाळून ठेवू नये, हात बाहीतून काढावा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, फिरणे नाही. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. टीव्हीवरच्या चर्चेत तोंड घालणे नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. हात लोंबकळला तर आकडा वाढतो. सकाळी गोळी व नाश्त्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि संध्याकाळी पुन्हा दोनदा. असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ते सगळे आकडे घेऊन डॉक्टरकडे जावे. हे सगळे दोन परिच्छेदांत मावले असते. आपण त्या जागी तळहातावर चमकणाऱ्या मेंदूचे चित्र छापलेत.

ब्लूटूथचे यंत्र घेतले तरी नोंदी बिघडतात. सेल बदलले की कित्येक यंत्रांचे घड्याळ मागे जाते आणि पुढची प्रत्येक नोंद भलत्याच वर्षाच्या १ जानेवारीला जाऊन बसते. यंत्रावर ‘एक’ आणि ‘दोन’ अशी माणसे निवडायची सोय असते, ती कोणी पाहत नाही. मग नवऱ्याचे आणि बायकोचे बीपी एकाच्याच ॲपमध्ये जमा होते. डॉक्टर त्या आलेखाकडे बघून चक्रावतात, तर नवल काय?

गोळ्यांच्या आठवणीचे ॲप ‘एकदा टाकले की काळजी मिटली’, हे वाक्य लिहिणाऱ्याने अँड्रॉइड फोन वापरलेला दिसत नाही. काही दिवसांनी आठवणी येईनाशा होतात, कारण बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपला झोपवतो. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, मग ते ॲप, मग ‘बॅटरी’ इथे जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे. त्या ॲपच्याच पानावर न वापरलेले ॲप थांबवण्याची जी खिट्टी असते ती बंद करावी. काही कंपन्यांच्या फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ वेगळे चालू करावे लागते. रात्रीसाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावले असेल तर सकाळी सातची आठवण त्यात गडप होत नाही ना, हेही तपासावे. एवढे करूनही ‘घेतली’ हे बटण गोळी तोंडात गेल्यावरच दाबायचे, ही शिस्त ॲप शिकवत नाही. वाराप्रमाणे खणांची डबी शेजारी हवीच. डॉक्टरांनी डोस बदलला की त्याच दिवशी ॲपमध्ये बदलावा, नाहीतर यंत्र मोठ्या निष्ठेने जुनी गोळी सांगत राहते.

खेळांबद्दल थोडक्यात. मेंदूचे खेळ विकणाऱ्या ‘लुमोसिटी’च्या कंपनीला विस्मरण लांबवण्याचे बिनपुराव्याचे दावे केल्याबद्दल २०१६ मध्ये वीस लाख डॉलर मोजावे लागले. शब्द जुळवण्याचा खेळ खेळून माणूस शब्द जुळवण्यात तरबेज होतो, त्याने दुधाचा हिशेब सुधारेल असे नाही. नजरेचा वेग वाढवणाऱ्या एका सरावाबद्दल बरे निष्कर्ष आले आहेत, पण ते प्रशिक्षकासमोर घेतलेल्या सत्रांतले. आपल्या यादीतल्या तीन खेळांशी त्यांचा संबंध लावता येत नाही.

दहा हजार पावलांचा आकडाही १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलेमापकाच्या नावातून आलेला आहे. ब्रिटनमधल्या सुमारे ७८ हजार लोकांच्या नोंदींवरच्या २०२२ च्या अभ्यासात रोज ३,८०० पावले चालणाऱ्यांतही डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे पाव हिश्शाने कमी दिसले. सर्वांत कमी ९,८०० च्या आसपास. चालल्यामुळेच ते घटले, असे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. शिवाय फोन फ्रिजवर ठेवून घरभर वावरणाऱ्या बाईची पावले मोजणार कोण? साडीला खिसा नसतो. काठी घेऊन हळू चालणाऱ्याची पावले तर खिशातला फोनही अर्धीमुर्धीच धरतो.

ॲपचा उपयोग शून्य आहे, असे मला म्हणायचे नाही. ब्रिटन आणि बीजिंगमध्ये ५५ ते ७५ वयाच्या सुमारे दीड हजार लोकांवर ‘प्रोडेमोस’ ही चाचणी झाली. फोनवर बीपी, वजन, व्यायामाची उद्दिष्टे, आणि पलीकडे निरोप पाठवणारा एक प्रशिक्षक. सरासरी सोळा महिन्यांनी डिमेन्शियाच्या धोक्याचा गुणांक थोडासा उतरला. थोडासाच, आणि तोही माणूस पलीकडे असताना. आपल्याकडे उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या सरकारी उपक्रमात ‘सिंपल’ नावाचे ॲप सुरुवातीला ज्या राज्यांत वापरात आले, त्यांत महाराष्ट्र होता. ते रुग्णाच्या नव्हे, नर्सच्या हातात असते. ती दर भेटीचे बीपी आणि गोळ्या नोंदवते, आणि तारीख उलटूनही न आलेल्यांची यादी ॲप तिला काढून देते. मग ती फोन करते. यात चमकणारा मेंदू नाही, म्हणून पुरवणीत एक ओळही नाही. कमी ऐकू येण्याबद्दलही नाही, जे त्या चौदा कारणांत ठळक आहे.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाखाली ‘स्मरणशक्ती तिप्पट’ करणाऱ्या चूर्णाची अर्ध्या पानाची जाहिरात आहे. तिच्यासाठी शब्दकोडे शेवटच्या पानावर ढकलले, चौकोन एवढे बारीक केले की पेन्सिलीचे टोक मावत नाही, आणि उत्तरे तिथेच खाली सरळ अक्षरांत छापली. चूर्णाची जाहिरात आपल्याला सोडवत नसेल, पण उत्तरे निदान दुसऱ्या दिवशीच्या अंकात द्या.

आपली,
एक जुनी वाचक, मिरज